भाऊजी, शिट्टी झाली

माझ्या धाकट्या दिरांइतका तंदुरुस्त आणि त्यांच्याइतका दमलेला माणूस बाळापूरपासून अमरावतीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. सापडलाच तर त्याच्या वहिनीला माझा नमस्कार सांगा, कारण ती बिचारी कोणत्या हालात असेल ते मला न बघता सांगता येईल. मी शाळेत शिकवते. वर्गात बेचाळीस पोरं आहेत आणि त्यांतली निम्मी बाकावर कमी, बाकाखाली जास्त असतात. पण त्या बेचाळिसांनी मिळून मला जेवढं छळलं नाही तेवढं या एका माणसानं एका हिवाळ्यात छळलं. आणि हे कशासाठी, तर पळणाऱ्या माणसाचा दमही वाढावा आणि दंडही भरावेत, दोन्ही एकाच व्यायामात, दिवाळी ते होळीच्या आत. माणसानं एवढी घाई लग्नाची केली असती तर आज मला जाऊ असती आणि कणीक मळायला दोन हात जास्त असते.

आमचं घर बाळापूरपासून थोडं आत, मन नदीच्या अंगाला. सासऱ्यांचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी आणि सांभार, म्हणजे तुमची ती कोथिंबीर. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा भाजी दुकानात उगवत नाही एवढंच मला माहीत होतं. भाऊजी तेव्हा वीस-एकवीसचे असतील. आल्या-आल्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांचं पळणं पाहिलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, अकोल्याच्या बाजाराला टेम्पो घेऊन निघाले आणि वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा ओट्यावरच विसरून गेले. सासूबाईंनी हाक मारायच्या आत भाऊजींनी काटा पोटाशी धरला आणि धूम ठोकली. अर्ध्या-पाऊण तासानं चालत परत आले. टेम्पो थेट हायवेच्या फाट्यावर गाठला होता. मी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "कायले वहिनी? मी कुठं दमलो?" खरंच दमले नव्हते. श्वास माझाच फुलला होता.

तर पळणं असं होतं, पण शरीर म्हणाल तर शेवग्याची शेंग. पोलीस भरतीला हे चालत नाही. तिथं सोळाशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर सुसाट सुटावं लागतं आणि वर सव्वासात किलोचा लोखंडी गोळा फेकावा लागतो. भाऊजी सोळाशेला पुढे असायचे, शंभरला बऱ्यापैकी असायचे आणि गोळा हातात आला की तो गोळाच त्यांना फेकतो की काय असं वाटायचं. तीन भरत्या अशा गेल्या. दर वेळी लेखीपर्यंत जायला दोन-चार गुण कमी पडत आणि ते सगळे त्या गोळ्यापाशीच सांडलेले असत. गावात लोक त्यांना तोंडावर "जमादार" म्हणायचे आणि भाऊजी हसायचे, पण त्यानंतर दोन दिवस ते चौकातून न जाता मागच्या बांधावरून मळ्यात जायचे हे मी पाहिलं आहे. यंदाची चौथी भरती शेवटची होती. पुढच्या वेळी वयाच्या अटीत बसणार नव्हते. घरात कुणी हे बोलून दाखवत नव्हतं, पण सासूबाईंनी देवघरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या वाढदिवसाच्या चौकोनावर हळदीचं बोट लावून ठेवलं होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

अशा वेळी माणसानं निमूट जोर-बैठका काढाव्यात. आमच्या भाऊजींनी मोबाइल काढला. त्यात कुण्या परदेशी दंडवाल्यानं त्यांना सांगितलं की तासन्‌तास पळून काही होत नाही. चाळीस सेकंद जीव तोडून पळा, वीस सेकंद थांबा, पुन्हा जीव तोडा. हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. हे नाव त्यांनी मला असं सांगितलं, जसं काही घरात सून म्हणून येणारी मुलगी ठरली आहे. "वहिनी, यानं दम बी वाढते अन् बॉडी बी बनते. एकाच टायमात दोनी." मी म्हटलं, भाऊजी, एकाच वेळी दोन्ही देणारं जगात काही नसतं, मी गणित शिकवते. ते म्हणाले, "तुमी गनित शिकवता, मी शास्त्र सांगून राह्यलो."

तिसऱ्या दिवशी ते शास्त्र मेथीच्या पाटात पडलं. पळता पळता खिशातून मोबाइल उसळला आणि पाण्यात गेला. मग सेकंद मोजायचे कसे? सकाळी मी कुकर लावते. तुरीच्या डाळीचा. अंगणात भाऊजी गुडघ्यावर हात ठेवून उभे होते, कुकरची शिट्टी झाली आणि ते सुटले. गोठ्यापर्यंत पळाले, परत आले, बैठका मारल्या. दुसरी शिट्टी झाली तेव्हा थांबले. तिसरीला पुन्हा सुटले. माझं दुर्दैव असं की त्यांना ही पद्धत आवडली. मी समजावलं की कुकरच्या शिट्टीचा काही नेम नसतो, कधी लगेच येते, कधी बसून राहते. यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मी चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, कपाळाला हात लावला. म्हणाले, "चोर काय टायमर लावून पळते का, वहिनी?"

त्या दिवसापासून आमच्या घरात डाळ शिजेना, तिचा नुसता काला व्हायला लागला. तीन शिट्ट्यांच्या डाळीला बारा शिट्ट्या. अंगणातून सूचना यायच्या: "वहिनी, गॅस मोठा करा, आराम लंबा होऊन राह्यला," नाहीतर "वहिनी, बारीक करा, मरतो मी." शाळेची वेळ गाठायची, डबे भरायचे, आणि मी एका हातानं पोळी उलटत दुसऱ्या हातानं एका उमेदवाराचं भवितव्य कमी-जास्त करत होते. ते पाण्याच्या टाकीपलीकडे असताना शिट्टी ऐकू येत नसे, म्हणून मी खिडकीतून ओरडायचे, "भाऊजी, शिट्टी झाली." शेजारच्या काकूंना वाटायचं डाळ झाली म्हणून मी दिराला जेवायला बोलावतेय. त्या कौतुकानं म्हणायच्या, "काय माया हाये बाई वहिनीची." आमचे हे तेवढे रोज ताटातल्या त्या पिवळ्या लगद्याकडे बघून म्हणायचे, "हे वरण हाये का कागद चिकटवाची ल्हई?"

आणि एवढ्यावर थांबले असते तरी मी सोसलं असतं. पण भाऊजींनी सगळं जगणंच टप्प्याटप्प्यानं करायला घेतलं. मेथी खुडायची तर चाळीस मोजेपर्यंत वेड्यासारखी खुडायची आणि वीस मोजेपर्यंत जुडी हातात धरून आभाळाकडे बघायचं. दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायला, गेले तर एक वाफा पळत, एक वाफा चालत. सासरे बांधावर उभे राहून विचारायचे, "काहून रे, त्या पाण्याले बी दम लागते का?" जेवणसुद्धा तसंच. दोन घास घाईनं, मग डोळे मिटून बसायचं. एकदा दर्यापूरला माझ्या मावससासूबाईंच्या घरी बारशाला निघालो होतो, काळीपिवळीनं, म्हणजे आमच्याकडे माणसं कोंबून नेणारी जीप. प्रवासी चढवायला ती दर फर्लांगावर थांबते. ती थांबली की भाऊजी उतरायचे आणि पुढे पळत सुटायचे. मागून जीप येऊन त्यांना गाठायची, ते चढायचे, पुढच्या थांब्याला पुन्हा उतरायचे. चौथ्या वेळी ड्रायव्हरनं मान बाहेर काढून त्यांना शांतपणे सांगितलं, "भाऊ, तुमी पुढं जा, आमी येतो." बारशाच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा नवा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला आणि बूट मातीनं भरलेले. त्यांना बघायला म्हणून एक मुलीकडची मंडळी मुद्दाम तिथं आली होती. ती मंडळी बाळाला टोपरं घालून, चहा पिऊन, स्थळाचा विषयही न काढता गेली.

महिनाभरात पळण्यात फरक पडला हे मला कबूल केलं पाहिजे. शंभर मीटरला पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटायचं. पण दंड? दंड होते तेही गेले. गालफडं बसली, डोळ्याखाली काळं आलं, उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि माणूस बसल्या जागी झोपायला लागला. एकदा सांभाराच्या ढिगावर तोंड ठेवून झोपले होते, उठले तेव्हा गालावर पानांची नक्षी. मला रडूच आलं. यांची भरती होत नाही ते नाही, पण माणूस हातचा जातो की काय असं वाटायला लागलं. मी त्यांना रविवारी उचलून अमरावतीला माहेरी नेलं आणि आमच्या कॉलेजचे जुने क्रीडाशिक्षक आता निवृत्त होऊन घरी असतात, त्यांच्यापुढे बसवलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. कुकरचं ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रोज करतोस?" सरांनी विचारलं.

"हाव सर. सकाळी बी अन् संध्याकाळी बी."

"मग तू पळत नाहीस बाबू, तू स्वतःलाच खातोस," सर म्हणाले. "ही पद्धत चांगली आहे. पळणाऱ्याला मानवते. दम वाढतो, वेग वाढतो. पण आठवड्यातून दोनदा. फार तर तीनदा. मधले दिवस सावकाश लांब पळ, एक दिवस आराम कर. आणि दंड काय हवेतून भरतात का? त्याला वजन उचलावं लागतं, पोटभर खावं लागतं, झोपावं लागतं. गोळा फेकायचा तर गोळा फेक. नुसतं धापा टाकून तो लांब जात नाही."

येताना बसमध्ये भाऊजींनी मूर्तिजापूरपर्यंत बोटांवर आठवड्याचे वार मोजले. मग म्हणाले, "वहिनी, सर म्हन्ते ते पटते मले. पन आराम कसा करतेत?" मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. ज्या माणसाला आपलं वय घड्याळासारखं ऐकू येतंय त्याला आराम कसा करायचा हे खरंच माहीत नसतं. मी म्हटलं, पडून राहायचं भाऊजी, काही करायचं नाही. ते त्यांनी मनापासून केलं. आरामाच्या दिवशी बाजेवर ताठ पडून राहायचे, दोन्ही हात अंगालगत, डोळे आढ्याला. कुणी पाणी मागितलं तर म्हणायचे, "मी आराम करून राह्यलो ना." त्या दिवशी घरातलं एकही काम त्यांच्याकडून व्हायचं नाही, आणि मी कुकर लावला की बाजेवरची बोटं शिट्टीला दचकायची.

वजनाचा प्रश्न सासऱ्यांनी सोडवला. भाऊजी अकोल्याहून गोळा विकत आणायला निघाले होते, तर मामंजी म्हणाले, "घरात लोखंड पडलं हाये, अन् इकत कायले आनतं?" इलेक्ट्रॉनिक काटा येण्याआधी मामंजींनी तराजूवर भाजी विकली, जवळजवळ तीस वर्षं. त्या तराजूची लोखंडी वजनं बाजेखालच्या पेटीत होती. पाच किलोचं एक, दोन किलोचं एक, वर दोनशे ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. मामंजींनी ती स्वतः एकावर एक लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या आणि गोल गरगरीत गोळा करून पोराच्या हातात दिला. त्यांनी आपल्या धाकट्या पोरासाठी आपणहून केलेली मला आठवणारी ही पहिली गोष्ट, कारण भरतीचं खूळ त्यांना कधी पटलं नव्हतं. भाऊजींनी बेरीज केली. सात किलो दोनशे पन्नास. खरा गोळा दहा ग्रॅमनं जास्त असतो म्हणून ते अर्धा दिवस अस्वस्थ होते. मग म्हणाले, "जाऊ द्या, थे ट्यूबमंदी निघून जाईन."

मग जे दिवस आले ते आमच्या घरातले फार चांगले दिवस होते. मंगळवारी आणि शुक्रवारी शिट्टीचं पळणं, मधल्या दिवशी नदीकाठानं सावकाश लांबची चक्कर, आणि आरामाचा दिवस सोडून रोज संध्याकाळी काढलेल्या वांग्याच्या वाफ्यात गोळाफेक. सासूबाई भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे वाटीनं नाही, परातीनं पुढे ठेवायच्या. घरात अंडी चालत नाहीत. मी ती शाळेतून येताना पर्समध्ये आणायचे आणि डाळीच्या कुकरमध्येच खालच्या भांड्यात उकडायचे. सासूबाईंना ठाऊक होतं. त्या तेवढा वेळ देवळात जायच्या. हळूहळू भाऊजींचे खांदे शर्टाच्या शिवणीला लागायला लागले. गोळा पडला की मामंजी तिथं खुंटी ठोकायचे, काठीनं माती सारखी करायचे आणि पुढच्या फेकीची वाट बघत उकिडवे बसायचे. खुंटी दर आठवड्याला पुढे सरकत होती. पूर्ण गुण मिळतात त्या अंतराची खूण भाऊजींनी टेपनं मोजून चुन्यानं केली होती, आणि होळीच्या आधी एक दिवस खुंटी त्या चुन्याच्या पलीकडे गेली. मामंजींनी खुंटी ठोकली, मग पुन्हा उपटून परत ठोकली, जरा जास्त खोल. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भाऊजींच्या ताटात आपल्या हातानं तूप वाढलं.

मैदानी चाचणी अमरावतीला होती. आम्ही आदल्या दिवशीच माझ्या माहेरी जाऊन राहिलो. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी होते. माझ्यासारख्या बऱ्याच आया आणि बहिणी होत्या, कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात ग्लुकोजची पुडी. सोळाशेला भाऊजी असे पळाले की माझ्या शेजारची एक अनोळखी बाई म्हणाली, "कोनाचं पोट्टं हाये थे, हरीण हाये का काय?" मी म्हटलं, माझे दीर आहेत. आयुष्यात एवढ्या तोऱ्यात मी कुणाचं नातं सांगितलं नसेल. शेवटच्या फेरीत सगळे ढेपाळत होते तेव्हा यांचा वेग वाढला. बारा शिट्ट्यांच्या त्या डाळीचं सार्थक झालं, मी मनात सरांचे आणि कुकरचेही आभार मानले. शंभर मीटर तर कळलंच नाही, सुरू झालं आणि संपलं.

मग गोळा. लांबून मला एवढंच दिसलं की भाऊजींनी गोळा उचलला आणि मानेशी नेण्याआधी क्षणभर थांबले. त्याच्याकडे बघितलं. मग अंगणात हाक आली की ते माझ्या खिडकीकडे बघायचे, तसं उगीच एकदा इकडेतिकडे बघितलं. तीन संधी असतात. पहिला फेकला, दुसरा फेकला. तिसऱ्याला तोल गेला, पण पाय रेषेच्या आत राहिला. चुन्याची खूण असती तर सगळ्यांत लांबचाही तिच्या अलीकडे सव्वा-दीड हात पडला असता. बाहेर आले तेव्हा मी केळं पुढे केलं. ते घेतलं नाही. म्हणाले, "वहिनी, गोळा जड होता." मी म्हटलं, भाऊजी, घाबरलं की सगळं जडच वाटतं. त्यांनी मान हलवली. "हाव. तसंच असन." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

यादी लागली. एका गुणानं राहिले. एका गुणानं. मी बेचाळीस पोरांना रोज गुण देते, कुणाला हस्ताक्षराचा एक, कुणाला समासाचा एक, वाटतेच मी ते. तो गुण किती मोठा असतो ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाईंनी कॅलेंडर उलटं केलं. भाऊजींनी ट्यूबचा गोळा ओट्यावर ठेवला आणि ते मळ्यात गेले, मागच्या बांधावरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर मामंजी ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काट्यापुढे बसले होते. काट्यावर तो गोळा. "बाई, हे वाचून सांग मले," ते म्हणाले. मी शिकवायला लागल्यापासून मामंजी मला बाईच म्हणतात. आकडा त्यांना वाचता येत होता, त्यांनी आयुष्यभर तेच केलं. मी वाचलं. सहा किलो सहाशे ऐंशी. मला आधी वाटलं काटा बिघडला. मग लक्षात आलं, काटा बरोबर होता, गोळाच हलका होता. बाजारातून आला की हा काटा रोज त्याच ओट्यावर असायचा. त्याच्या शेजारून गोळा रोज उचलला जात होता. दहा ग्रॅमसाठी अर्धा दिवस झुरणाऱ्या माणसाला, गणित शिकवणाऱ्या मला, कुणालाच सुचलं नाही की हा गोळा त्या काट्यावर ठेवून बघावा. पण भाजीवाल्याच्या घरात वजनाचं वजन कोण करतं? सगळं जग ज्यानं मोजलं ते मोजायचं कशानं?

मामंजींनी चाकूनं ट्यूब कापली. पाच किलोचं वजन उलटं केलं. अशा वजनाच्या बुडात एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वर सरकारी छाप मारलेला असतो. इथं भोक आतून पोखरून मोठं केलेलं आणि शिशाच्या जागी मेण होतं, वरून काजळ फासलेलं. दोन किलोच्याही तसंच. "म्याच काढलं होतं," मामंजी म्हणाले. "तवा बाजारात दोन साल भाव भल्ला पडला होता. दोन सालच चालोलं. मंग लाज वाटली, छाप असलेली नवी घेतली, बाजारात थेच चालोली. काटा आल्यावर थे तुह्या नवऱ्यानं भंगारात देली. हे मातर पेटीतच राह्यलं. मले यादच नोती राह्यली, बाई. देवाशपथ यादच नोती." एवढं बोलून ते त्या मेणाकडे बघत बसले. ज्यांना मी बारा वर्षांत कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, ते पुढे म्हणाले, "त्याले तू सांग. माह्यानं नाई होत."

मला सांगावं लागलं नाही. भाऊजी न्हाणीघराच्या दारात उभे होते, पाय धुवायला आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडणार, आणि ओरडलाच पाहिजे, मी त्याच्या बाजूनं उभी राहीन. ते आले. ओट्यावर बसले. उलटं वजन हातात घेऊन त्यांनी मेणावरून अंगठा फिरवला. मग अगदी आपल्या नेहमीच्या, शास्त्र सांगायच्या आवाजात म्हणाले, "बाबा, हलक्या गोळ्यानं सराव केला का हाताले स्पीड येते. मोठाले खेळाडू बी करते तसं. थे तर चांगलंच झालं. माह्याच पाय घसरला तिसऱ्या फेकीले."

मी तिथं होते. जाळीला नाक लावून उभी होते. तोल गेला होता, पाय घसरला नव्हता. पण मामंजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हटलं, हो मामंजी, घसरला होता, मी पाहिलं ना.

आता भाऊजी सकाळचा टेम्पो घेऊन अकोल्याला जातात. बाजारातून आले की मळा. पळत नाहीत. पळण्यासारखं काही राहिलं नाही असं ते म्हणत नाहीत, मीच म्हणते. ओळखीतलं एखादं पोर कधी विचारायला येतं, की दादा, थे इंटरव्हल करू का, दम अन् बॉडी दोनी पाह्यजे. तर सरांनी सांगितलं तेच सांगतात. आठवड्यातून दोनदा, मधे आराम, वजन उचल, पोटभर खा. आणि शेवटी एक स्वतःचं घालतात, "गोळा इकतचा घेजो." मामंजी तेव्हा जवळपास असले तर हे शेवटचं सांगत नाहीत. पोराला फाट्यापर्यंत सोडायला जातात आणि तिथं सांगतात.

आमच्याकडे वरण आता छान होतं. तीन शिट्ट्या, डाळ शिजते, पण काला होत नाही. यांनी दोनदा कौतुक केलं, आणि दोन्ही वेळा मी पाणी आणायला म्हणून ताटावरून उठले. परवा सुट्टी होती म्हणून जरा उशिरानं कुकर लावला. भाऊजी अंगणात पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. पहिली शिट्टी झाली. जुडी हातातच राहिली, पोत्यावरचे पाय आपोआप आखडले, टाचा वर आल्या. मी खिडकीत होते. इतक्या महिन्यांची सवय, तोंडातून निघून जाणार होतं, मी ओठ दाबून धरले. त्यांनी टाचा खाली टेकवल्या, सुतळीची गाठ मारली आणि वर न बघता म्हणाले, "वहिनी, शिट्टी झाली. गॅस बारीक करा, नाईतर डाळ गळून जाईन."